सहा प्रश्नचिन्हं आणि एक कंट्रोलर

आमच्या सर्व्हरवरून नोंदी एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅगांत बसवलेल्या मजकुराच्या रूपात, घेणाऱ्या सिस्टीमच्या माणसांची तक्रार एका ओळीची होती: "तुमच्या एक्सएमएलमध्ये नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येताहेत." खाली नमुना म्हणून एक नोंद चिकटवलेली होती. नावाच्या टॅगमध्ये ओळीनं सहा प्रश्नचिन्हं, बाकी सगळं जागच्या जागी.

त्या क्रमांकाची नोंद मी आमच्या डेटाबेसमध्ये उघडली. नाव होतं सुनीता. मी बोटांवर मोजलं. स, उकार, न, ईकार, त, काना. सहा.

या मोजणीनं माझा अर्धा दिवस वाचवला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याच्या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये), तीन बाइट घेतं. आम्ही बाइट बरोबर पाठवले असते आणि समोरच्यानं ते चुकीच्या एन्कोडिंगनं वाचले असते, तर त्याला अठरा चित्रविचित्र अक्षरं दिसली असती, आणि दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला तोच तो रोमन स्वर आला असता. तसा गोंधळ उलटा फिरवता येतो, कारण मूळ बाइट शाबूत असतात. इथे मात्र एका चिन्हाला एकच प्रश्नचिन्ह होतं. म्हणजे अक्षरं आमच्याच सर्व्हरवर, स्ट्रिंगचे (प्रोग्राममधल्या मजकुराचे) बाइट होताना गेली होती. वायरवर खरोखरीचं प्रश्नचिन्ह चाललं होतं, हेक्समध्ये ३एफ. त्यातून सुनीता परत मिळवता येत नाही.

ॲप्लिकेशन स्प्रिंग एमव्हीसी या जावा फ्रेमवर्कवरचं होतं, स्प्रिंग बूट ही त्याची तयार मांडणी येण्याआधीच्या काळातलं. कंट्रोलरची, म्हणजे आलेल्या विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडची, मेथड स्ट्रिंग परत करायची. त्या स्ट्रिंगच्या पहिल्या ओळीत एक्सएमएलचं डिक्लरेशन हातानं लिहिलेलं होतं आणि त्यात एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ असं स्पष्ट नमूद होतं. ते वाचून कुणालाही वाटेल की काम झालं. पण स्प्रिंगच्या दृष्टीनं ती ओळ म्हणजे स्ट्रिंगमधली आणखी काही अक्षरं, बस. बाइट तयार करणारा स्ट्रिंग कन्व्हर्टर उत्तराच्या कंटेंट-टाइप हेडरमधला कॅरसेट (एन्कोडिंगचं नाव) बघतो, आणि तो दिलेला नसेल तर आयएसओ-८८५९-१ धरतो. त्या संचात देवनागरी नाही. जावा अशा वेळी एरर देत नाही, जे बसत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जाते. (स्प्रिंग बूट हाच कन्व्हर्टर यूटीएफ-८ देऊन जोडतं, म्हणून नव्या प्रोजेक्टमध्ये हे सहसा दिसत नाही.)

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की कुठेही काही मोडलं नव्हतं. प्रश्नचिन्ह हे यूटीएफ-८ मध्ये वैध, एक्सएमएलमध्ये वैध. वाचणारा पार्सर खूश, रचना तपासणारा स्कीमा खूश, स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक'. फक्त माणसांची नावं पुसली जात होती. सुरुवातीला नावं रोमन लिपीत भरली जायची, आमचा टेस्ट डेटाही तसाच होता, त्यामुळे हा दोष तिथेच असूनही कुणाला दिसला नाही. मराठीत नोंदी सुरू झाल्या आणि तो वर आला.

मेथड कुठल्या प्रकारचं उत्तर देते हे सांगणाऱ्या प्रोड्यूसेसमध्ये टेक्स्ट/एक्सएमएलच्या पुढे कॅरसेट यूटीएफ-८ लिहिलं, डिप्लॉय केलं आणि कळवलं. तासाभरात उत्तर आलं: "आता फाइल अर्धवट येते."

ही दुसरी चूक पहिलीच्या आड दडली होती. जुन्या कोडमध्ये उत्तर किती बाइटचं आहे हे सांगणारं कंटेंट-लेंग्थ हेडर हातानं भरलेलं होतं, आणि ते स्ट्रिंगच्या लेंग्थवरून. लेंग्थ चिन्हं मोजते, हेडरला बाइट हवेत. आयएसओ-८८५९-१ मध्ये एक चिन्ह म्हणजे एक बाइट, त्यामुळे दोन्ही आकडे नेहमी जुळायचे. यूटीएफ-८ सुरू होताच ते फाटले. समजा मजकूर एवढाच आहे:

<नाव>सुनीता</नाव>

(टॅगची नावं देवनागरीत चालतात, एक्सएमएलला त्याची काही अडचण नाही. आमचे टॅग रोमन होते, इथे समजायला सोपं म्हणून असं लिहिलं.) यात चिन्हं १७ आहेत. बाइट मात्र ४१, कारण बारा देवनागरी चिन्हांचे ३६ आणि कंस-तिरक्या रेघेचे ५. हेडरनं १७ सांगितलं की समोरच्याला सतराच बाइट मिळतात, म्हणजे

<नाव>सु

आणि पुढे काही नाही. त्यावर एकच इलाज: कंटेंट-लेंग्थला हात लावू नये. बाइट तयार झाल्यावर फ्रेमवर्क स्वतः मोजतं किंवा तुकड्यातुकड्यानं पाठवतं. ती ओळ मी काढून टाकली. त्या दिवसापुरतं भागलं.

पण मेथड उघडलीच होती, तर पूर्ण वाचली. दोनशेच्या वर ओळी, सगळा एक्सएमएल अधिक चिन्हानं जोडत नेलेला. टॅग उघड, व्हेरिएबल चिकटव, टॅग बंद कर. एस्केप करण्यासाठी, म्हणजे एक्सएमएलमध्ये खास अर्थ असलेल्या चिन्हांच्या जागी त्यांची सांकेतिक नावं (एंटिटी) ठेवण्यासाठी, खाली एक छोटी मेथड होती. ती आधी 'पेक्षा लहान' चिन्ह बदलायची, मग 'पेक्षा मोठं', आणि सगळ्यात शेवटी अँपरसँड (&). क्रम उलटा होता. पहिल्या पायरीनं तयार केलेल्या एंटिटीच्या सुरुवातीचा अँपरसँड शेवटच्या पायरीत पुन्हा एस्केप व्हायचा, आणि वाचणाऱ्याला कंसाऐवजी एंटिटीचं नाव अक्षरशः दिसायचं. अँपरसँड आधी बदलायचा असतो. शिवाय ही मेथड प्रत्येक फील्डला लावलेली नव्हती. लिहिणाऱ्यानं जिथे धोका दिसला तिथे ती लावली होती. संस्थेच्या नावाला लावली होती, पत्त्याला नव्हती, आणि पत्त्यातही लोक & लिहितात.

एस्केपिंग बरोबर असूनही एक गोष्ट उरते, आणि ती बऱ्याच अनुभवी लोकांना माहीत नसते असं मी पाहिलंय. एक्सएमएल १.० मध्ये काही चिन्हं मुळातच निषिद्ध आहेत. ३२ च्या खालच्या कंट्रोल कॅरॅक्टरपैकी फक्त टॅब, लाइन फीड आणि कॅरेज रिटर्न चालतात. बाकीची एस्केप करूनही चालत नाहीत, त्यांचा आकड्यानं केलेला उल्लेखसुद्धा दस्तऐवज अवैध ठरवतो. आमच्याकडे हे आलं ते शेऱ्याच्या फील्डमधून. प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट-एंटर मारून तोडलेली ओळ कॉपी करून फॉर्ममध्ये चिकटवली, की मधे अकरा क्रमांकाचं चिन्ह येऊ शकतं, व्हर्टिकल टॅब. स्क्रीनवर ते दिसत नाही. डेटाबेस ते निमूट साठवतो. जेसन हा दुसरा फॉरमॅट त्याला एस्केप करून पुढे नेतो. एक्सएमएल मात्र तिथे थांबतं, आणि एका शेऱ्यातल्या एका अदृश्य चिन्हापायी हजारो नोंदींची अख्खी फाइल समोरचा पार्सर नाकारतो.

अशा चिन्हांचं काय करायचं, यावर आमच्यात बराच खल झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, पाठवताना गाळून टाकू. माझं म्हणणं, ती आत येतानाच थांबवावीत, कारण शेरा लिहिणाऱ्याला तिथे नवी ओळ हवी होती. गाळलं तर दोन शब्द एकमेकांना चिकटतात. शेवटी फॉर्म स्वीकारताना व्हर्टिकल टॅबची नवी ओळ करायची असं ठरलं. जुन्या नोंदी एकदा साफ केल्या, आणि पाठवण्याच्या ठिकाणी गाळणी न ठेवता एरर राहू दिली. वूडस्टॉक्स ही एक्सएमएल लिहिणारी लायब्ररी असं चिन्ह लिहायला स्पष्ट नकार देते आणि कुठलं चिन्ह तेही सांगते. तो नकार मला हवा होता.

मग कंट्रोलर नव्यानं लिहिला. स्ट्रिंग परत करणं बंद, आता ऑब्जेक्ट परत करायचा आणि त्याचा एक्सएमएल जॅक्सन या लायब्ररीचं एक्सएमएल मॉड्यूल करणार. दोनशे ओळींच्या दहा झाल्या. पण त्या दहा ओळींनीही मला बरंच शिकवलं.

पहिल्या प्रयत्नात मी सरळ नोंदींची यादी परत केली. बाहेर आलेल्या एक्सएमएलचा मूळ टॅग होता 'लिस्ट' आणि आतला प्रत्येक टॅग 'आयटम'. म्हणजे माझ्या जावा कोडमधला प्रकार समोरच्याच्या करारात जाऊन बसला. उद्या मी तो प्रकार बदलला तर त्यांचं कोड मोडेल, आणि का मोडलं ते त्यांना कधीच कळणार नाही. म्हणून यादीला स्वतःचा क्लास दिला, मूळ टॅगचं नाव ठरवून दिलं, आतल्या नोंदीचंही. हे लिहून ठेवणं आवश्यक आहे, कारण जॅक्सन आपल्या मनानं बाहेरच्या वेष्टनाला आणि आतल्या घटकाला एकच नाव देतं, आणि 'नोंदी'च्या आत पुन्हा 'नोंदी' दिसतात.

रिकाम्या किमतींचं (फील्डमधल्या व्हॅल्यूंचं) प्रकरण याहून नाजूक. किंमत नल, म्हणजे मुळात नसलेलीच, असेल तर जॅक्सन रिकामा टॅग लिहितं. मजकुराच्या फील्डला ते खपून जातं. पण तारखेचा टॅग रिकामा गेला की स्कीमा तपासणारा क्लायंट अडतो, कारण रिकामी स्ट्रिंग ही वैध तारीख नव्हे. 'तारीख माहीत नाही', 'तारीख लागूच नाही' आणि 'तारीख रिकामी ठेवली' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सएमएलमध्ये टॅग वगळता येतो, निल असं स्पष्ट लिहिता येतं किंवा टॅग रिकामा ठेवता येतो. कुठल्याचा अर्थ काय, हे दोघांनी बसून ठरवावं लागतं. आम्ही फोनवर ठरवलं: नसलेली किंमत म्हणजे टॅगच नाही. समोरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही लिहून द्या, नाहीतर पुढच्या वर्षी माझ्या जागी येणारा पुन्हा विचारेल." मी लिहून दिलं. त्यांचं म्हणणं रास्त होतं.

डिप्लॉय केल्यावर दोन गोष्टी झाल्या. त्यांच्या सिस्टीमला ४०६, म्हणजे 'मागितलेल्या प्रकारात देता येत नाही', मिळायला लागला. त्यांचं ॲक्सेप्ट हेडर टेक्स्ट/एक्सएमएल एवढंच मागत होतं, आणि मी नव्या कंट्रोलरच्या प्रोड्यूसेसमध्ये फक्त ॲप्लिकेशन/एक्सएमएल लिहिलं होतं. आपल्या डोळ्यांना दोन्ही एकच, सर्व्हरला नाही. मी दोन्ही लिहिले आणि दोन्हींच्या पुढे कॅरसेट दिला. तो देण्यामागे इतिहास आहे. २००१ च्या आरएफसी ३०२३ प्रमाणे (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) टेक्स्ट/एक्सएमएलला कॅरसेट दिला नसेल तर तो यूएस-ॲस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचा संच, मानायचा, मग दस्तऐवजाच्या आत काहीही लिहिलेलं असो. २०१४ मध्ये आरएफसी ७३०३ नं हे बदललं: फाइलच्या अगदी सुरुवातीला एन्कोडिंग सुचवणारं बाइट ऑर्डर मार्क असेल तर ते आधी, मग कॅरसेट, आणि ही दोन्ही नसतील तर दस्तऐवजाचं स्वतःचं डिक्लरेशन. पण जुन्या क्लायंटच्या आत कुठला नियम बसलाय हे बाहेरून कळत नाही. कॅरसेट लिहिला की दोन्ही नियमांनी उत्तर एकच येतं. बाइट ऑर्डर मार्क मात्र पाठवू नये, जुने जावा पार्सर त्यावर अडखळतात आणि 'प्रोलॉगमध्ये मजकूर चालत नाही' अशी एरर देतात. ती वाचून माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो, कारण ते तीन बाइट एडिटरमध्ये दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट आमच्याच टीममधून आली. ज्या पत्त्यांवर ब्राउझरमध्ये कालपर्यंत जेसन दिसत होतं, तिथे आज एक्सएमएल दिसू लागलं. त्या कंट्रोलरना मी स्पर्शही केला नव्हता. पण एक्सएमएलचं मॉड्यूल जोडलं गेल्यामुळे सगळ्या ॲप्लिकेशनला एक्सएमएल लिहिता येऊ लागलं, आणि ब्राउझरच्या ॲक्सेप्ट हेडरमध्ये एचटीएमएलच्या पाठोपाठ ॲप्लिकेशन/एक्सएमएल असतं, ०.९ वजनानं. 'काहीही चालेल' याला ०.८. जेसनचं नाव नसतंच. स्प्रिंगनं हेडर वाचलं आणि मागितलेलं दिलं. मी प्रत्येक कंट्रोलरवर तो काय देतो ते स्पष्ट लिहिलं. ते आधीपासूनच असायला हवं होतं.

चुकांच्या उत्तरांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण तिथे सगळे घाई करतात. एका सकाळी त्यांच्याकडून एरर आली: 'मेटा' या टॅगला जुळणारा बंद टॅग नाही. आमच्या एक्सएमएलमध्ये मेटा नावाचा टॅगच नव्हता. मिनिटभरानं उलगडा झाला: त्यांच्या खात्याची मुदत संपली होती, सुरक्षेच्या फिल्टरनं ३०२ देऊन लॉगिनच्या पानाकडे वळवलं, त्यांचा प्रोग्राम निमूट तिकडे गेला, २०० आणि एचटीएमएल घेऊन आला, आणि ते एक्सएमएल समजून वाचायला बसला. माणसासाठी ते वळवणं योग्य आहे. प्रोग्रामला ४०१, म्हणजे 'ओळख पटलेली नाही', हवा असतो, आणि सोबत त्याला वाचता येईल असा मजकूर. कंट्रोलरनं कितीही काटेकोर एक्सएमएल दिला तरी विनंती कंट्रोलरपर्यंत पोचलीच नाही तर काय मिळतं, हेही त्या कराराचा भाग आहे.

आता त्या पत्त्यांवर कुठलीही चूक झाली की एक्सएमएलच जातं, ॲप्लिकेशन/प्रॉब्लेम प्लस एक्सएमएल या प्रकारानं. तो २०१६ च्या आरएफसी ७८०७ मध्ये ठरला आणि २०२३ पासून आरएफसी ९४५७ मध्ये आहे. शीर्षक, स्टेटस, तपशील, बस. आत 'अयशस्वी' लिहून बाहेर २०० देण्याची पद्धत मला पटत नाही. मधले प्रॉक्सी, कॅश, लॉग, देखरेखीची साधनं, सगळे बाहेरचा आकडा वाचतात.

रात्रीची मोठी फाइल शेवटी हातात घेतली. सगळ्या नोंदी, एकाच रिस्पॉन्समध्ये. ती पूर्ण मेमरीत बांधणं परवडत नव्हतं, म्हणून एक्सएमएल-स्ट्रीम-रायटर वापरून एकेक नोंद लिहीत पाठवू लागलो. यात एक अडचण मुळातच आहे: पहिला बाइट गेला की स्टेटस २०० होऊन बसतो. पन्नास हजार नोंदी गेल्यावर डेटाबेसचं कनेक्शन तुटलं तरी ५००, म्हणजे 'सर्व्हरवर चूक झाली', पाठवता येत नाही.

इथे एक्सएमएलचा एक गुण कामी येतो, आणि त्यासाठी मला हा फॉरमॅट मनापासून आवडतो. मूळ टॅग बंद झाला नसेल तर दस्तऐवज अपुरा आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. स्वल्पविरामांनी तोडलेली फाइल ओळीच्या शेवटी तुटली तर ती पूर्णच वाटते. एक्सएमएल तसं वाटू देत नाही.

पण आम्ही तो गुण जवळजवळ घालवला होता. माझ्या सहकाऱ्यानं नीटनेटकेपणानं फायनली ब्लॉकमध्ये, म्हणजे एरर आली तरी चालणाऱ्या भागात, राइट-एंड-डॉक्युमेंट ठेवलं होतं. ही मेथड जेवढे टॅग उघडे असतील तेवढे सगळे बंद करते. म्हणजे मधेच एरर आली, फायनलीत गेलो, उघडी नोंद बंद, मूळ टॅग बंद, आणि अर्धी फाइल पूर्ण असल्यासारखी समोरच्याच्या हातात. त्यांच्या सिस्टीमनं उरलेल्या नोंदी 'आता अस्तित्वात नाहीत' असं धरलं असतं. रिव्ह्यूमध्ये माझी नजर त्या ओळीवर थांबली तेव्हा हात गार पडले. ती ओळ आता लूप यशस्वीपणे संपल्यावरच चालते. एरर आली तर एक्सेप्शन वर जाऊ देतो, कनेक्शन तुटतं, टॅग उघडाच राहतो. शिवाय शेवटच्या टॅगमध्ये नोंदींची संख्या लिहितो. ती शेवटी, कारण सुरुवातीला लिहिलेली संख्या म्हणजे फक्त अंदाज.

टेस्टही बदलल्या. आधीच्या टेस्ट कंट्रोलरची मेथड थेट बोलवून स्ट्रिंगची तुलना करायच्या. त्या प्रश्नचिन्हांच्या काळातही हिरव्याच होत्या, कारण स्ट्रिंगमध्ये सुनीता व्यवस्थित होती, ती पुढच्या पायरीवर हरवत होती. आता टेस्ट खरी विनंती पाठवते, बाइट घेते, पार्सरमधून काढते आणि मग तुलना करते. त्यासाठी एक कायमची नोंद ठेवली आहे. नाव सुनीता, पत्त्यात अँपरसँड, शेऱ्यात दोन्ही टोकदार कंस आणि एक नवी ओळ, बंद झाल्याची तारीख नाही. तीच नोंद एकदा एकटी पाठवली जाते, कारण यादीत एकच घटक असला की काही क्लायंट तिला यादी मानत नाहीत, आणि एकदा रिकामी यादी.

गेल्या आठवड्यात त्या प्रोजेक्टवर नवीन आलेल्या मुलीनं विचारलं, "ताई, टेस्टमध्ये ही सुनीता कोण?" मी खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली आणि तिला ते नाव बोटांवर मोजायला सांगितलं.